वर्गाचा फोटो आणि खिशातलं घड्याळ
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेच्या आठवणी आज सगळेच सांगणार आहेत. मी एका इटालियन काउबॉयपटाबद्दल बोलणार आहे. सर, हसू नका, तो शेवटी शाळेतच येतो.

रोममधल्या एका प्राथमिक शाळेचा, १९३७ च्या सुमाराचा वर्गाचा फोटो आहे. त्यात सर्जिओ लिओने आणि एनिओ मोरिकोने ही दोन मुलं दिसतात. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पंचवीसेक वर्षांनी लिओने आपल्या सिनेमासाठी संगीतकार शोधत मोरिकोनेकडे गेला. मोरिकोनेला चेहरा ओळखीचा वाटला आणि लक्षात आलं, हा तर आपल्या वर्गातला! १९६४ च्या त्या सिनेमापासून लिओनेनं दिग्दर्शित केलेल्या प्रत्येक सिनेमाला मोरिकोनेचंच संगीत आहे. ‘शोले’मधलं ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. त्या प्रसंगामागेही लिओनेच्याच एका सिनेमाची प्रेरणा आहे.

या वर्गमित्रांचा मला सर्वांत आवडणारा सिनेमा म्हणजे १९६५ चा ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’. गोष्ट अमेरिकेतली, पण ती उन्हानं भाजलेली माळरानं स्पेनमधल्या अल्मेरियाची. एल इंडिओ नावाचा क्रूर दरोडेखोर आणि त्याची टोळी. त्यांच्या डोक्यावर इनाम आहे. ते मिळवायला दोघं मागावर आहेत, तरुण क्लिंट ईस्टवुड आणि वयस्क कर्नल मॉर्टिमर, म्हणजे ली व्हॅन क्लीफ.

इंडिओकडे खिशातलं एक घड्याळ आहे. झाकण उघडलं की त्यातून नाजूक सूर वाजतात. सूर थांबले की पिस्तूल काढायचं, असा त्याचा खेळ. तसंच दुसरं घड्याळ कर्नलकडे आहे. का, ते अगदी शेवटी कळतं. इंडिओच्या अत्याचारामुळे जिनं स्वतःला संपवलं ती मुलगी कर्नलची बहीण होती. कर्नल पैशासाठी आलेलाच नव्हता. इंडिओला मारल्यावर तो बहिणीचा फोटो असलेलं घड्याळ घेतो, इनामातला एक डॉलरही न घेता घोड्यावर बसतो आणि निघून जातो.

मागे ईस्टवुड गाडीत मृतदेह भरत इनामाची बेरीज करतो. ती २२ हजारांवर अडते. हिशेब जुळत नाही. तेवढ्यात मागून एक जिवंत राहिलेला दरोडेखोर येतो. ईस्टवुड वळून त्याला टिपतो आणि बेरीज २७ हजार होते. चुकला नव्हता, एक जण मोजायचा राहिला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. हिशेब जुळला नाही की काय मोजायचं राहिलं ते शोधणं, हेच माझं रोजचं काम. पण एका हिशेबात मी तेच केलं नाही.

दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेआधी आपल्यातल्या एका मैत्रिणीनं माझी प्रयोगवही उतरवून घ्यायला नेली. वही परत आलीच नाही. ‘मी नेलीच नव्हती,’ असं ती म्हणाली. दोन रात्री जागून मी सगळे प्रयोग पुन्हा लिहिले आणि तिच्याशी बोलणं सोडलं. तिच्या लग्नाची पत्रिका आली, मी गेले नाही. तिची आई गेल्याचं कळलं, तेव्हा फोन हातात घेऊन खाली ठेवला. त्या काकूंच्या हातचे थालीपीठ मी कितीदा खाल्लं होतं!

कर्नलनं आयुष्य घातलं ते बहिणीसाठी. मी जवळजवळ तीस वर्षं घातली एका वहीसाठी. आणि माझ्या बेरजेत फक्त तिची वही होती, मी न केलेला तो फोन नव्हताच.

वहीचं खरं काय झालं ते मला आजही माहीत नाही, आणि आता ते विचारायचंही नाही.

ती आज आली आहे. सकाळी वर्गाचा फोटो काढताना ती मागच्या रांगेत होती, मी पुढच्या. आयोजकांना एकच विनंती आहे. दुपारच्या पंगतीत मला तिच्या शेजारचं पान द्या. काकूंबद्दल मला तिच्याशी बोलायचं आहे.