नैसर्गिक तंतू, प्लॅस्टिक आणि ओलावा

रायपूरच्या पुरानी बस्तीत भर पावसाळ्यात जुन्या घराचे लाकडी दार फुगून चौकटीत अडकते, त्यामागे रसायनशास्त्र आहे. लाकडातील सेल्युलोज व हेमिसेल्युलोज यांचे हायड्रॉक्सिल गट पाण्याचे रेणू धरून ठेवतात. ताग, जवस, केळी यांच्या तंतूंची घडणही अशीच असते. तागाच्या व्यवहारात प्रमाण ओलावा कोरड्या वजनाच्या १३.७५ टक्के धरला जातो; काचतंतू मात्र पाणी जवळजवळ शोषत नाही.

असे नैसर्गिक तंतू प्लॅस्टिकमध्ये घालून मोटारींच्या दारांचे हलके अंतर्फलक बनवले जातात. ओलाव्याने तंतू फुगतो आणि भोवतीच्या प्लॅस्टिकला सूक्ष्म तडे जातात. वाळल्यावर तो आक्रसतो व मध्ये पोकळी राहते. वास्तविक जवसाचा ओला तंतू कोरड्याहून काहीसा बळकटच असतो. दुबळा होतो तो तंतू आणि प्लॅस्टिक यांचा सांधा. मग भार तंतूपर्यंत पुरता पोहोचत नाही. म्हणूनच तंतूंवर सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करतात, सिलेनसारखी जोडरसायने वापरतात आणि फलकाच्या कापलेल्या कडा बंद करतात.

छत्तीसगडात जवसाचे पीक प्रामुख्याने बियांसाठी घेतले जाते. त्याच्या काडीपासून धागा काढण्याचे काम रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात झाले आहे. अशा तंतूला उद्योगात मागणी आली, तर शेतकऱ्याला काडीचेही मोल मिळेल. मात्र कोरड्या प्रयोगशाळेत मोजलेले बळ पावसाळ्यात टिकेलच, असे नाही. फलकाची खरी परीक्षा भिजल्यानंतरचीच होय.