वाडग्यातला आपला वाटा

(मार्कंडा परिसरातल्या बचत गटाच्या बायांनी सामुदायिक रेडिओवर केलेलं बोलणं)

आम्ही मार्कंड्याजवळच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. दुपारची भांडी आवरून, पोरांना शाळेत धाडून इथं आलो. आज आम्ही तुम्हाला एक जपानी जेवण सांगणार आहोत. हसू नका. आम्हीपण आधी हसलोच होतो.

आमच्यातल्या एकीची पोरगी नागपूरला हॉटेलचं काम शिकते. दिवाळीला घरी आली तेव्हा सांगू लागली, की जपानात एका मोठ्या वाडग्यात गव्हाच्या लांब शेवया घालतात, त्यावर गरम पातळ रस्सा ओततात, आणि वरून निखाऱ्यावर भाजलेला मासा नि भाज्या ठेवतात. झालं जेवण. आम्ही म्हटलं, यात नवं काय? शेवया आपल्या, मासोळी आपली, निखारे आपल्या चुलीतले. उन्हाळ्यात आपण काडीवर सरगुंडे वळतो, वरणात चिकोल्या सोडतो, तिकडे मालवणात तांदळाचे शिरवाळे करतात. जपानी बाया जाड शेवयांना उदोन म्हणतात आणि कुट्टूच्या पिठाच्या शेवयांना सोबा. वर्ष संपतं त्या रात्री तिकडे घरोघरी सोबा खातात. उदोनची कणीक इतकी घट्ट असते, की ती कापडात गुंडाळून पायाने तुडवतात. हे ऐकून आमची एक म्हातारी म्हणाली, बरं आहे, हाताला आराम.

दुकानातलं नूडल्सचं पाकीट पोरं रोज मागतात ना? तेही जपानातूनच निघालं. मोमोफुकु आंदो नावाच्या माणसाने १९५८ साली शेवया तेलात तळून वाळवायची युक्ती काढली. गरम पाणी घातलं की तयार. पण त्या पाकिटात तळण आहे, मीठ भरपूर आहे, आणि मासा नाही, भाजी नाही. वाडग्यातलं खरं जेवण बाजूला राहिलं आणि आपल्या गावात फक्त त्याचं पाकीट आलं.

आता खरी गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी तपासणीत आमच्यातल्या एकीचं हिमोग्लोबिन आठ निघालं. नर्सबाईने गोळ्या दिल्या आणि विचारलं, जेवता काय? ती गप्प. पुढच्या बैठकीत आम्ही बचतीचा हिशेब केल्यावर दुसरा हिशेब मांडला: घरी मासोळी शिजली, तर आपल्या ताटात काय आलं? वैनगंगा आपल्या दाराशी, मालगुजारीच्या काळातले तलाव गावोगावी. मासोळी आपल्याला काही परकी नाही. पण एकेक बाई सांगू लागली: शेपटाचा तुकडा, उरलेला रस्सा, कधी नुसता गंज पुसून भात. कोणी मुद्दाम करत नाही. वाढतो आपणच, आणि शेवटी बसतोही आपणच.

म्हणून आम्हाला हा वाडगा आवडला. यात गंजातून पुन्हापुन्हा वाढणं नाही. आधी सगळे वाडगे भरायचे, मगच बसायचं. कोणाला किती, ते सगळ्यांना दिसतं.

आता कृती ऐका. सहा माणसांचं माप सांगतो.

आधी शेवया. अर्धा किलो कणीक बारीक चाळणीने चाळून घ्या. दोन चहाचे चमचे मीठ पाव लिटर पाण्यात विरघळवा आणि ते पाणी थोडंथोडं घालत पुरीपेक्षा घट्ट भिजवा. सगळं पाणी लागेलच असं नाही. ओल्या फडक्याखाली दोन तास ठेवा. मग जाड पोळी लाटा, पीठ भुरभुरून घडी घाला आणि विळ्याने किंवा सुरीने बारीक पट्ट्या कापा. पट्ट्या मोकळ्या करून पिठात घोळवून ठेवा.

आता रस्सा. जपानी बाया समुद्रातलं शेवाळ आणि वाळलेली मासोळी पाण्यात घालून रस्सा करतात. आपल्याकडे बाजारात सुकी मासोळी मिळते. मूठभर घ्या, डोकं नि पोट काढून टाका, नाहीतर रस्सा कडू होतो. तव्यावर कोरडीच भाजा. आणलेल्या ताज्या मासोळीचं डोकं नि काटा फेकू नका, पण कल्ले काढा आणि स्वच्छ धुवा. हे सगळं दोन लिटर पाण्यात घाला, सोबत कांदा, आलं, लसणाच्या पाकळ्या. मंद आचेवर अर्धा तास उकळू द्या आणि मग कापडातून गाळा. गाळायला आळस करू नका, रश्शात काटा राहिला तर पोरांच्या घशात अडकतो. मीठ शेवटी घाला. सोया सॉस घालायचा असेल तर दोन चमचे पुरे आणि मग मीठ कमी. तो फार खारट असतो, घरात कोणाला बीपी असेल तर नकोच.

मासा एक किलो. मरळ मिळाली तर उत्तम, तिला काटे कमी. रोहू, कतलाही चालतो, पण लहान पोरांना काटे काढून द्या. मासा घेताना डोळे चमकदार पाहा, कल्ले लाल पाहा, बोटाने दाबल्यावर मांस परत वर आलं पाहिजे. जाड तुकडे करा, मीठ चोळून अर्धा तास ठेवा. सुटलेलं पाणी फडक्याने पुसून घ्या. निखारे पांढरे होऊ द्या, जाळावर भाजू नका. जाळी तापवून तिला तेल लावा आणि कातडीची बाजू आधी खाली ठेवा. आम्ही पहिल्यांदा घाईघाईने उलटलं, तर अर्धा मासा जाळीलाच चिकटला. मासा आपोआप सुटतो, तेव्हाच उलटा. आतपर्यंत पांढरा झाला पाहिजे. जपानात समुद्राचा मासा कच्चा खातात, ते ऐकून आपण तसं करू नका. नदी-तलावाच्या माशात जंत असू शकतात, तो पूर्ण शिजलाच पाहिजे.

भाज्या घरात असतील त्या: पालक, मुंगण्याचा पाला, गाजर, पत्ताकोबी, कांद्याची पात. पावसाळ्यात वास्ते मिळतात, तेही घाला. जपानातही बांबूचे कोंब आवडीने खातात. मात्र वास्ते चिरून चांगले उकळा आणि ते पाणी फेकून द्या. बाकीच्या भाज्या रश्शात दोन-चार मिनिटंच ठेवा.

शेवटी शेवया. मोठ्या गंजात भरपूर पाणी उकळून त्यात सोडा. सात-आठ मिनिटांनी एक चावून पाहा. मग उपसून थंड पाण्यात धुवा. आम्ही पहिल्या वेळी त्या रश्शातच शिजवल्या होत्या, तर सगळ्याची खीर झाली. धुतल्या की मोकळ्या राहतात.

आता सहा वाडगे ओळीने मांडा. शेवया, भाज्या, उकळता रस्सा, वर माशाचा सारखा तुकडा, भाजलेले तीळ, सांबार आणि लिंबाची फोड. लिंबू नुसतं चवीला नाही, त्याने पाल्यातलं लोह अंगी लागतं. मासाही त्याला मदत करतो. जेवणावर लगेच चहा मात्र नको.

श्रावणात, सोमवारी किंवा महाशिवरात्रीच्या जत्रेत ज्या घरी मासा चालत नाही, तिथे भाजलेलं वांगं ठेवा आणि रस्सा डाळीच्या पाण्याचा करा. जपानातही वांगं भाजून खातात.

जिचं हिमोग्लोबिन आठ होतं, तिनेही हे घरी केलं. सासू-सासरे, नवरा, दोन पोरं आणि ती. सासूबाईंनी वाडगे मोजले नि विचारलं, हा सहावा कोणाचा? ती म्हणाली, माझा. जरा वेळ कोणी बोललं नाही. मग सासूबाईंनीच त्यात चिमूटभर सांबार टाकला आणि म्हणाल्या, बस, निवतं आहे.

तिच्या गोळ्या सुरूच आहेत, तुमच्याही असतील तर सोडू नका. पुढच्या तपासणीत तिचं साडेनऊ आलं. ते गोळ्यांनी आलं की जेवणाने, आम्ही सांगू शकत नाही. पण आता ती सगळ्यांसोबत बसून जेवते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

बायांनो, शेवया नाही जमल्या तर भात घ्या, मासा नाही मिळाला तर अंडं घ्या. पण वाडगे आधी भरा, आणि मोजताना स्वतःला धरून मोजा. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा हिशेब मांडा आणि काय निघालं ते आम्हाला कळवा. येतो आता. रामराम.