निघण्यापूर्वीचा कागद



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी याच खकनारच्या शाळेत मला व्याकरण शिकविले. वाक्य समोर आले की ते प्रथम क्रियापद शोधावयास लावीत. गेल्या महिन्यात त्यांची तीव्रतेने आठवण झाली. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी वनस्पतिप्रजननाच्या उच्च शिक्षणासाठी मेक्सिकोला निघाला आहे. वडिलांनी त्यासाठी दोन एकर रान गहाण टाकले आहे. जाण्याचा हेतू लिहून आण, असे मी त्याला सांगितले होते. त्याने आणलेल्या कागदावर होते : पदवी, स्पॅनिश, पिरॅमिड, नवे मित्र, चांगली नोकरी. सारी नामे! क्रियापद एकही नाही.

त्याला हसण्याचा अधिकार मला नव्हता. तरुणपणी मीही एका शिष्यवृत्तीवर वर्षभर परदेशी राहून आलो. काय करावयाचे हे न ठरविता गेलो आणि परतलो तो एक जाड लोकरीचा कोट आणि तीन अल्बम घेऊन. कोट अजून ट्रंकेत आहे; खकनारच्या हवेत त्याचा काय उपयोग होणार?

म्हणून मी त्याला वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची हकीकत सांगितली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा तरुण घराबाहेर पडला तो सशस्त्र क्रांतीच्या ध्यासाने. अमेरिकेत त्याने लष्करी शिक्षण घेतले आणि शेतीशास्त्रही अभ्यासले; गदर चळवळीच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत तो होता. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी झुंजून झाले, पण मायदेशाचे दार बंदच राहिले. अखेर १९२४ च्या सुमारास तो मेक्सिकोत पोहोचला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागला. पुढे मक्याच्या नव्या वाणांवर काम केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरासारख्या थोर चित्रकाराने त्याला भित्तिचित्रात स्थान दिले. चापिंगोत त्याचा पुतळा उभा राहिला तो मात्र २०२२ साली. म्हणजे मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी. आपल्याकडे ही दिरंगाई नवी नाही.

मला यात लक्षणीय वाटते ते असे की, ज्या हेतूने हा माणूस निघाला तो त्याच्या हातून सिद्धीस गेला नाही. परंतु त्या हेतूपोटी जे कसब त्याने नेटाने कमावले, तेच परक्या भूमीत उपयोगी पडले. नुसते 'अमेरिका पाहावी' म्हणून तो गेला असता तर चापिंगोला काय घेऊन पोहोचला असता?

आता भाषेविषयी. 'स्पॅनिश शिकणे' हे उद्दिष्ट फार ढोबळ झाले. त्या मुलाला मी म्हटले, "अरे, तुला सोपे जाईल. आपल्या 'तू'ला तिकडे 'तू'च म्हणतात आणि आदरार्थी निराळे 'उस्तेद' आहे. लिंगे तर दोनच. आपण तीन सांभाळतो. आपला 'पगार' पोर्तुगिजांकडून आला. स्पॅनिशमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणे." पण बाजारात भाव विचारण्यापुरती स्पॅनिश आली तरी पुष्कळ, असे मानून तो तिकडे गेला, तर आपल्याच देशबांधवांच्या खोलीत बसून वर्ष काढील. पहिल्या सहा महिन्यांत एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला 'उस्तेद' म्हणून प्रश्न विचारता यावा आणि त्याचे लांबलचक उत्तर समजावे, एवढे त्याने पदरात पाडून घ्यावे.

विषयही दूरचा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी आपण पेरतो तो मका मूळचा मेक्सिकोचाच. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथे एका रानगवतापासून तो घडला. तेथील अनेक शेतकरी आजही घरच्या कणसांतून पुढच्या पेरणीचे बियाणे निवडून ठेवतात.

चार दिवसांनी मुलगा दुसरा कागद घेऊन आला. त्यावर लिहिले होते : "शेतकरी कोणते कणीस राखतो व कोणते टाकतो, ते त्याच्या भाषेत विचारीन, दर महिन्याला वडिलांना मराठीत कळवीन." वडील सोबत होते. त्यांनी विचारले, "सर, येताना तिकडचं बी आणता येईल ना?" परवान्यावाचून आणता येत नाही, हे मला सांगावे लागले. ते खट्टू झाले. तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, ते लोक बी निवडतात कसं, ते तर आणता येईल. आपल्याच कणसांवर करून बघू."

तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. रान केव्हा सोडवायचे, ती ओळ कागदावर अजून कोरी आहे. व्याख्यानानंतर त्याने व त्याच्या वडिलांनी मला भेटावे.