कवितेचे उरलेले काम



आजच्या संस्कृतीत कवितेला काही स्थान उरले आहे काय, या प्रश्नाचे एक उत्तर कोणत्याही ग्रंथालयाच्या देवघेव विभागात रोज मिळत असते. कादंबऱ्यांची पाने सुटतात, चरित्रग्रंथ पुन्हापुन्हा बांधून घ्यावे लागतात; कवितासंग्रह मात्र बहुधा आले तसेच कोरे राहतात. एवढ्याच पुराव्यावर निकाल द्यायचा, तर कविता हरली असेच म्हणावे लागेल. परंतु कविता पुस्तकातून किती वाचली जाते हा एक प्रश्न झाला आणि माणसांच्या आयुष्यात ती कोणते काम करते हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचे स्वरूप पुण्या-मुंबईपेक्षा बालाघाट जिल्ह्यातील तिरोडीसारख्या सीमेवरच्या गावात अधिक स्पष्ट दिसते.

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. १९९१ मध्ये अमेरिकन कवी डाना जिओया यांनी ‘अटलांटिक’ या मासिकात तो मोठ्या तळमळीने मांडला. कविता विद्यापीठांच्या आवारात कोंडली गेली आहे, कवीच कवींसाठी लिहीत आहेत, आणि सुजाण सामान्य वाचक तिच्यापासून दुरावला आहे, अशी त्यांची तक्रार होती. कवी पुष्कळ आणि वाचक थोडे, ही कुरकुर मराठीतही जुनीच आहे. तथापि मराठी कवितेचा इतिहास निराळा आहे. छापील पुस्तकात शिरण्यापूर्वी कित्येक शतके ती लोकांच्या रोजच्या कामात वावरत होती.

जात्यावरची ओवी हे याचे ठळक उदाहरण. पहाटेच्या दळणाचे कष्ट हलके करण्यासाठी बायका ओव्या गात आणि त्या ओव्यांतून माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, दुष्काळ, अन्याय असे सारे काही बोलले जाई. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने त्या लोकांसमोर आणण्यास आरंभ केला. ओवी मागे पडली ती रसिकता आटली म्हणून नव्हे. गावात पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि जात्याबरोबर ओवीची जागा गेली. गिरणीने बायकांचे कष्ट वाचवले, हे चांगलेच झाले; त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. यातून घ्यायचा बोध वेगळा आहे. कवितेला जागा लागते. कामाची जागा, जमण्याची जागा, ऐकणाऱ्याची जागा. एक जागा गेली आणि दुसरी मिळाली नाही, की कविता नाहीशी झाल्यासारखी वाटते.

आता तिरोडीकडे वळावे. या परिसराचे नाव दूरवर पोचवले ते मँगनीजने. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या ब्रिटिश उद्योगापासून जी परंपरा सुरू झाली, तिच्यातूनच १९६२ मध्ये आजची ‘मॉइल’ आकाराला आली. तुमसर रोडहून येणाऱ्या रेल्वेने ही भूमी वैनगंगेकाठच्या भंडारा जिल्ह्याशी जोडली. सोयरिकी, बाजार, मंडई, कीर्तने यांचे जाळे नकाशावरील रेषा मानीत नव्हते. नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि त्या राज्याच्या कारभारात हिंदीबरोबर मराठीलाही मान होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, राजधानी भोपाळला आली आणि राज्याच्या कारभाराची भाषा हिंदी झाली.

अशा वेळी घरातील भाषा एकाएकी मरत नाही. ती एकेक खोली सोडत जाते. प्रथम कचेरी सुटते, मग शाळा, मग दुकानाची पाटी, मग लग्नपत्रिका. शेवटपर्यंत काय टिकते? अंगाई, आरती, हरिपाठ, मंगलाष्टके, भुलाबाईची गाणी. म्हणजे पद्यच. याचे कारण केवळ भाविकता नव्हे. सरकारी सूचना कोणत्याही भाषेत दिली तरी तिचा अर्थ तोच राहतो. गाण्याचे तसे नाही. ते विशिष्ट शब्दांच्या विशिष्ट नादावर उभे असते. शब्द बदलले की ते उरतच नाही. म्हणून दिवसभर हिंदीत व्यवहार करणारा माणूस देवापुढे किंवा पाळण्यापाशी नकळत मराठीत येतो. जेथे भाषेला राजाश्रय नाही, तेथे कविता ही शोभेची वस्तू नसते, ती भाषेचे शेवटचे घर असते.

पण एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. केवळ वारशाने आलेले पद्य हळूहळू मंत्रासारखे होते. ओठ ते म्हणतात, अर्थ मात्र मागे राहतो. ज्या भाषेत आजचे दुःख, आजचे भांडण, आजचा विनोद बोलता येत नाही, ती भाषा पुढची पिढी सणापुरती ठेवते. यासाठी जुन्या गाण्यांच्या जोडीला नवी कविता हवी.

सीमेवर अशी कविता होऊ शकते काय, अशी शंका घेण्याचे कारण नाही. मराठी भावगीताला ज्यांनी रूप दिले ते भास्कर रामचंद्र तांबे (१८७३–१९४१) मध्य भारतात वाढले आणि ग्वाल्हेरला राजकवी म्हणून राहिले. एकाच मराठी घरातील गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे युगप्रवर्तक कवी ठरले, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी ‘नवी मळवाट’ या संग्रहाने मराठी नवकवितेत आपली वाट काढली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या साथीने मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत भजने गाइली. १९४२ च्या आंदोलनात सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. भजनाला एवढे वजन होते. त्यांची ‘ग्रामगीता’ रस्ते, आरोग्य, शिक्षण असे विषय ओवीत मांडते. या साऱ्यांकडे पाहता हिंदी ही मराठीची वैरीण ठरत नाही. दोन भाषांच्या शेजारात कवीचा कान अधिक तयार होतो. अट एवढीच, की दोन्ही भाषा जिवंत असाव्यात.

श्रमिकांच्या बाबतीतही तेच. नारायण सुर्वे यांनी गिरणीत व शाळेत पडेल ते काम केले आणि ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२), ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हे संग्रह लिहून कामगाराला मराठी कवितेत हक्काने आणून बसवले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते तर वस्त्यावस्त्यांतून पाठ झाली. त्यांना ग्रंथालयाच्या कपाटाची वाट पाहावी लागली नाही. ज्यांना संस्कृतीने बोलावलेच नव्हते, त्यांनी कवितेच्या द्वाराने संस्कृतीत प्रवेश केला. कवितेचे महत्त्व संपले असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य पाहावा.

तिरोडीच्या नावाची एक हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. येथील खाणीत सापडलेल्या एका खनिजाला १९३८ मध्ये ‘तिरोडाइट’ असे नाव मिळाले. पुढे १९९७ मध्ये खनिजांच्या त्या गटाची नामपद्धती नव्याने ठरली आणि ते नाव मागे पडले. शास्त्राने आपल्या सोयीने नाव दिले आणि आपल्या सोयीने काढून घेतले. त्यात शास्त्राचा दोष नाही. पण गावाचे नाव, खाणीतील पाळी, लाल-काळी धूळ, बावनथडीचे पाणी, हे सारे जपायचे तर ते येथील माणसांच्या बोलीतच जपावे लागेल. पोवारी, झाडीबोली, गोंडी, हिंदी आणि मराठी यांच्या सरमिसळीतून येथे जे बोलले जाते, त्यात कवितेचा मोठा ऐवज आहे.

मग ग्रंथालयाने काय करावे? संग्रह विकत घेऊन कपाटात ठेवणे आवश्यकच आहे, पण पुरेसे नाही. कवितेला गमावलेली जागा परत द्यावयाची आहे आणि ती जागा ग्रंथालयाचे सभागृह होऊ शकते. महिन्यातून एक संध्याकाळ कविता मोठ्याने वाचण्यासाठी राखावी. भाषणे, हारतुरे, पारितोषिके यांस फाटा द्यावा. वृद्ध स्त्रियांच्या मुखी असलेली गाणी त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून, गाव आणि प्रसंग नोंदवून ठेवावीत. आज हे काम साध्या मोबाइलवरही होते. आणि मुख्य म्हणजे मुलांना बोलवावे. हिंदी शाळेत शिकणाऱ्या मुलाला मराठीसाठी नवी लिपी शिकावी लागत नाही, हे केवढे भाग्य! कादंबरी त्याला जड जाईल, निबंध नीरस वाटेल. पण बारा ओळींची कविता तो सहज वाचू शकेल. वाचताना ‘ळ’पाशी तो जरा अडखळेल. तेथे शेजारी बसलेल्या आजीने तो उच्चार करून दाखवावा. त्या एका अक्षरात एक पिढी दुसरीला भाषा सोपवीत असते.

श्रोतेहो, कवितेचे वाचक नेहमीच थोडे होते आणि बहुधा पुढेही थोडेच राहतील. तिचे मोल देवघेवीच्या नोंदवहीवरून ठरणार नाही. एखाद्या संध्याकाळी एका मुलाने वाचलेल्या कवितेकडे चार माणसे कान देऊन बसली आणि त्यांपैकी एकाला घरी जाताना एक ओळ आठवत राहिली, तर ग्रंथालयाचे त्या दिवसाचे काम झाले असे समजावे.