संग्रहालयाची वाट आखणारा : कार्लो स्कार्पा



शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून संग्रहालयाविषयी बोलणे हे विषयांतर ठरू नये. पुस्तक जपणे आणि ते वाचकाच्या हाती पोहोचवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे प्रत्येक ग्रंथपाल जाणतो. संग्रहालयातही तसेच असते. वस्तू मिळवणे, तिची नोंद करणे, तिला दमटपणापासून आणि किडीपासून वाचवणे हे अभिरक्षकाचे काम. ती पाहणाऱ्याला कोणत्या उंचीवर, कोणत्या उजेडात आणि किती पावले चालल्यानंतर दिसावी, हे ठरवणारा माणूस पुष्कळदा वेगळाच असतो. बहुधा तो संस्थेचा पगारी नोकर नसतो. एका कामापुरता बोलावला जातो, मापे घेतो, आराखडे काढतो, सुतार-लोहारांकडून ते उभे करून घेतो आणि दालन खुले झाले की निघून जातो. अशा स्वतंत्र रचनाकाराचे कर्तृत्व नेमके कशात असते, याचा शोध घ्यावयाचा तर इटलीतील कार्लो स्कार्पा यांच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

स्कार्पा यांचा जन्म १९०६ मध्ये व्हेनिस येथे झाला. तेथील कला अकादमीतून त्यांनी १९२६ मध्ये वास्तुरेखनाची पदविका घेतली. परंतु वास्तुशिल्पज्ञ म्हणून व्यवसाय करण्यासाठी आवश्यक असलेली सरकारी परीक्षा मात्र ते कधीच बसले नाहीत. १९४७ पर्यंतची पंधरा वर्षे त्यांनी मुरानो बेटावरील व्हेनिनी यांच्या काचकारखान्यासाठी पात्रांचे आकार आणि रंग घडवण्यात घालवली. प्रकाश पदार्थातून कसा जातो, कोठे अडतो आणि कोठे विरघळतो, हे ते भट्टीपाशी उभे राहून शिकले. पुढील आयुष्यातले त्यांचे सर्व काम या शिक्षणावर उभे आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९४८ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात पाउल क्ले यांच्या चित्रांची मांडणी त्यांच्याकडे आली. तेव्हापासून सुमारे पाव शतक या प्रदर्शनाशी त्यांचा संबंध राहिला. तेथे त्यांनी १९५० मध्ये कलाविषयक ग्रंथांसाठी एक लहानसे दालनही बांधले होते. ते आज उरलेले नाही, याची हळहळ ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष वाटेल. तात्पुरत्या प्रदर्शनाचे दुःखच हे की, काही महिन्यांनी भिंती उतरतात आणि रचनाकाराचे सारे श्रम छायाचित्रांपुरते शिल्लक राहतात.

त्यांची टिकून राहिलेली कामे म्हणूनच मोलाची. पालेर्मो येथील आबातेल्लिस हा पंधराव्या शतकातील वाडा १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता. दुरुस्तीनंतर तेथे संग्रहालय मांडण्याचे काम स्कार्पा यांनी १९५३-५४ मध्ये केले. फ्रांचेस्को लाउराना याने घडवलेला एका राजस्त्रीचा संगमरवरी अर्धपुतळा त्यांनी हिरव्या फलकाच्या पार्श्वभूमीवर ठेवला. त्या हिरवाईमुळे दगडाची फिकट कांती जिवंत वाटू लागते. ‘मृत्यूचा विजय’ हे प्रचंड भित्तिचित्र तर प्रेक्षकाला दोनदा भेटते : एकदा तळमजल्यावर अगदी समोरून, आणि पुन्हा वरच्या मजल्यावरून, खाली वाकून पाहताना.

पोसान्यो या गावी शिल्पकार कानोव्हाच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींचे जुने संग्रहालय आहे. कानोव्हाच्या जन्माला १९५७ मध्ये दोनशे वर्षे होत होती. त्यानिमित्त तेथे नवे दालन जोडण्याचे ठरले. प्लास्टर पांढरे, तेव्हा मागची भिंत गडद हवी, असे कोणीही सांगितले असते. स्कार्पा यांनी भिंतीही पांढऱ्याच ठेवल्या आणि विचार केला तो खिडक्यांचा. छताजवळच्या कोपऱ्यांतच त्यांनी काचेचे चौकोनी पेटारे बसवले. भिंतीच्या मध्यभागी खिडकी असली की तिच्या भोवतालची भिंत काळवंडते आणि डोळे दिपतात. कोपऱ्यातून आलेला उजेड मात्र दोन्ही भिंतींवरून घरंगळत खाली येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो बदलत जातो आणि त्याबरोबर त्या निर्जीव प्लास्टरच्या खांद्यांवरील, पाठींवरील सावल्याही सरकत राहतात. आपल्याकडील अनेक जुन्या सभागृहांत संस्थापकांची तैलचित्रे छताला टेकवून, नेमकी खिडकीच्या झगमगाटासमोर लावलेली असतात. ज्यांनी देणगी दिली त्यांचा चेहरा शंभर वर्षांत कोणी नीट पाहिलेला नसतो. त्या संस्थांच्या विश्वस्तांनी पोसान्योच्या या खिडक्यांची छायाचित्रे अवश्य पाहावीत.

याच सुमारास, १९५६ मध्ये, परवान्याविना वास्तुशिल्पाचा व्यवसाय केल्याचा खटला स्कार्पा यांच्यावर झाला. त्याच वर्षी वास्तुशिल्पासाठीचे ऑलिव्हेत्ती पारितोषिकही त्यांनाच मिळाले. या विसंगतीवर अधिक भाष्याची आवश्यकता नाही.

त्यांच्या कार्याचा कळस म्हणजे व्हेरोनाचे कास्तेलव्हेक्यो. चौदाव्या शतकातील हा किल्ला; नेपोलियनच्या काळात त्यात लष्करी बराक बांधली गेली. १९२० नंतरच्या दशकात तेथे संग्रहालय झाले तेव्हा बराकीला जुन्या राजवाड्याचे रूप देण्यात आले : इतरत्र पाडलेल्या इमारतींच्या गॉथिक खिडक्या आणून दर्शनी भागावर बसवल्या, आतील दालने जुन्या काळाच्या थाटात सजवली. ते दृश्य देखणे होते, लोकांना आवडतही होते. परंतु तो इतिहास खोटा होता. युद्धानंतर संचालक लिचिस्को मागान्यातो यांनी स्कार्पा यांना पाचारण केले आणि १९५८ ते १९६४ या काळात मुख्य काम झाले. आतील सजावट गेली. दर्शनी भागावरील खिडक्या राहिल्या, पण नव्या काचेच्या चौकटी मुद्दाम त्यांच्या मागे, वेगळ्या विभागणीने बसवल्या, जेणेकरून पुढची भिंत केवळ पडदा आहे हे पाहणाऱ्याला उमगावे. नवी फरशी जुन्या भिंतीला भिडत नाही, मध्ये बारीक खाच राहते. नवे काय आणि जुने काय, याबाबत प्रेक्षकाची फसवणूक होऊ द्यायची नाही, हा निर्धार त्या खाचेतही दिसतो.

बराक आणि मूळ तटबंदी जेथे भिडत होत्या तेथील बांधकामाचा काही भाग स्कार्पा यांनी पाडून टाकला. त्या मोकळ्या जागेत, उंचावर, काँक्रीटच्या आधारावर कांग्रांदे या चौदाव्या शतकातील सत्ताधीशाचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. अंगणातून तो वर दूर दिसतो. आत फिरता फिरता तो पुनःपुन्हा सामोरा येतो. आणि शेवटी एका छोट्या पुलावरून त्याच्या इतके जवळ जाता येते की त्याचे हसू न्याहाळता यावे. आतील काही मूर्तीही प्रवेशद्वाराकडे पाठ किंवा कूस करून आहेत. प्रेक्षकाला वळसा घालावा लागतो, आणि वळसा घालताना दगडाची घडण कळते. ‘येथे थांबा’ अशी पाटी कोठेही लावावी लागत नाही.

अलीकडे प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढून टाकणाऱ्या प्रदर्शनांची चलती आहे. फ्रान्समध्ये ले बो येथील दगडाच्या जुन्या खाणीत नामवंत चित्रकारांची चित्रे प्रकाशझोतांनी भिंतींवर आणि जमिनीवर उमटवली जातात, संगीत चालू असते. त्यात आनंद नाही असे कोण म्हणेल? परंतु तेथे मूळ चित्र नसते. आजच्या स्वतंत्र रचनाकाराला कामे मिळतात ती पुष्कळदा अशा वेढ्याची. मुदत ठरलेली, यंत्रसामग्री ठरलेली. स्कार्पा फार सावकाश काम करीत, सुताराच्या बाकापाशी उभे राहून ठरलेले आराखडे बदलत. त्यांना कास्तेलव्हेक्योत वर्षे मिळाली, कारण मागान्यातो थांबायला तयार होते. अशा संचालकाचे श्रेय मोजताना इतिहासकार हात आखडता घेतात, हे बरे नव्हे.

१९७८ च्या नोव्हेंबरात जपानमधील सेंदाई येथे जिन्यावरून पडून स्कार्पा यांचे निधन झाले. व्हेनिसच्या वास्तुशिल्प विद्यापीठाने त्यांना वास्तुशिल्पाची सन्माननीय पदवी दिली ती त्यानंतर. कास्तेलव्हेक्योच्या कामाची त्यांची शेकडो रेखाटने त्याच संग्रहालयात जतन केलेली आहेत. जिना, बैठक, कठडा यांच्या मापांच्या गर्दीत त्यांनी अनेक ठिकाणी पेन्सिलीने लहान लहान माणसे काढली आहेत. ती नुसती उभी आहेत आणि कशाकडे तरी पाहत आहेत.