कोरलेली खूण आणि तिची जागा



बहरीनमधल्या आली गावात मडकी आणायला आपल्यापैकी पुष्कळजण जातात. तिथे घरांच्या दाटीत मातीचे प्रचंड उंचवटे दिसतात. चार हजार वर्षांपूर्वी हे बेट ज्या दिल्मून राज्याचा भाग होते, त्या दिल्मूनच्या राजांची ती थडगी आहेत. इ.स.पू. २२०० ते १७५० या काळात बेटाच्या पश्चिमेकडील उघड्या माळांवर अशी हजारो थडगी उभी राहिली. त्यांतल्या ११,७७४ थडग्यांची युनेस्कोने २०१९ साली जागतिक वारसा म्हणून नोंद केली. या माळांवरून आणि आपल्या कोकणातल्या सड्यांवरून मला आज एकच गोष्ट सांगायची आहे: दगडावरची खूण तिच्या जागेसकट जपली, तरच तिचा अर्थ उलगडतो.

१८७९च्या सुमारास कॅप्टन ड्युरंड या ब्रिटिश अधिकाऱ्याला बिलाद अल-कदीम इथल्या मशिदीत एक काळा दगड दिसला. त्यावर क्यूनिफॉर्म लिपीत रीमूम नावाच्या माणसाच्या राजवाड्याचा उल्लेख होता. रीमूम हा इन्झाक देवाचा सेवक, असे त्यात म्हटले होते. दगड लंडनला गेला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत नष्ट झाला. उरल्या त्या नकला. मशिदीत येण्याआधी तो कुठे होता, हे कोणालाच ठाऊक नसल्याने रीमूमचे नाव अधांतरीच राहिले.

पुढे स्टेफन लॉर्सन यांच्या डॅनिश पथकाने आलीच्या राजथडग्यांत उत्खनन केले. तिथे दगडी भांड्यांच्या तुकड्यांवर रीमूमचा मुलगा याग्ली-एल याचे नाव निघाले. भांडी थडग्यातच सापडल्यामुळे बाप, लेक आणि राजघराणे एका सूत्रात आले.

दिल्मूनच्या गोल मुद्रांचेही तसेच. त्यांच्या फुगीर पाठीवर तीन रेघा आणि चार ठिपकेदार वर्तुळे असतात. दर्शनी बाजूला हरणे, बैल, नळीने पेय पिणारी माणसे. बहरीनमधल्या सार इथे १९९०च्या दशकात लंडन-बहरीन मोहिमेने घरे आणि देऊळ उकरले, तेव्हा मुद्रांबरोबर त्यांचे ठसे असलेले मातीचे गोळेही मिळाले. म्हणून ही चिन्हे मालावर शिक्का मारण्याच्या रोजच्या व्यवहारातली होती, हे कळले. अशी एक मुद्रा गुजरातेत लोथलला सापडली, आणि सिंधू पद्धतीची वजने इथल्या कलअत अल-बहरीनमध्ये मिळाली. सिंधू लिपी अजून वाचता येत नाही, तरी या दोन प्रदेशांमधला व्यापार आपल्याला वाचता येतो.

आता कोकणाकडे वळू. रत्नागिरी, राजापूर, मालवण भागात जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून उजेडात आणली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी आहेत. बारसूला दोन वाघांच्या मध्ये माणूस उभा आहे. आज कोकणात नसलेला गेंडाही सड्यावर सापडतो. कोकणातली आठ आणि गोव्यातले फणसायमळ अशी नऊ स्थळे २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

थडग्यात भांडी, हाडे, मातीचे थर असतात. उघड्या कातळावर यांतले काहीच नाही. कोणते चित्र कशाशेजारी आहे, त्याचे तोंड कुठे आहे, जवळ पाणी आहे का, एवढाच पुरावा. चिरेखाण लागली की चित्राबरोबर हा पुरावाही जातो. ड्युरंडच्या दगडाची निदान नक्कल उरली. नोंदच न झालेल्या सड्याचे काहीच उरत नाही.

बहरीनमध्येही वस्ती वाढताना पुष्कळ थडगी गेली. पण हमद टाउन वसवताना आधी उत्खनने झाली. १९८४-८५मध्ये भारतीय पुरातत्त्ववेत्ते के. एम. श्रीवास्तव यांनीही तिथे खोदकाम केले आणि त्याचा अहवाल छापून आला. वस्ती थांबवता येत नसेल, तर नोंद तरी आधी झाली पाहिजे, हा धडा या बेटाने घालून दिला आहे.

श्रोतेहो, आपल्यातल्या अनेकांच्या घरच्या जमिनी कोकणातल्या सड्यांवर आहेत. मे महिन्यात गावी जाल तेव्हा गुरे राखणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा, कातळावर चित्रे कुठे आहेत. त्यांचे फोटो काढा, जागा टिपून घ्या, पण खडू किंवा रंग भरू नका. चिरेखाणीला जमीन देण्याआधी ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. याला पदवी लागत नाही. सातबारा आपल्या नावावर आहे, म्हणून पहिली जबाबदारीही आपली आहे.