अमृत कोकमाची वाईन झाली तेव्हा

गेल्या मे महिन्यात आमच्या गटाने परसातल्या रातांब्यांचं अमृत कोकम केलं आणि 14 बाटल्या माळ्यावर ठेवल्या. जूनमध्ये एका रात्री ठो करून बूच उडालं. सकाळी पाहतो तर सरबताला फेस आणि वास दारूचा! वाईन करायला सरकारी परवाना लागतो, आमची न मागताच झाली.

चूक आमचीच. साखर वाचवायला 1 किलो सालींना 2 किलोऐवजी सव्वा किलोच घातली. वर रातांबे ओलेच फोडले. फळाच्या सालीवर यीस्ट असतंच. पाक पातळ राहिला की ते साखर खातं आणि दारू नि वायू तयार करतं. पाक दाट असला तर त्याला वाढायला पाणीच मिळत नाही.

आता रातांबे धुऊन, पुसून, सावलीत कोरडे करतो. बिया काढून सालीच्या वाट्यांत साखर भरतो, काचेच्या बरणीत थर लावतो, सगळ्यात वर साखरच. तोंडाला फडकं बांधून सात-आठ दिवस ऊन द्यायचं, रोज कोरड्या चमच्याने हलवायचं. साखर पुरती विरघळल्याशिवाय गाळायचं नाही. मग चवीला मीठ, जिऱ्याची पूड.

त्या बाटल्या आम्ही ओतून दिल्या. दोन विकल्या गेल्या होत्या, त्यांचे पैसे घरी जाऊन परत केले. यंदाची एक बाटली महिनाभर माळ्यावर ठेवलीय. ती फुगली नाही, तरच बाकीच्या बाजारात नेणार.